तिसऱ्या पानावरचा कंस

प्रिय पोरी,

तुझं चार पानांचं पत्र मिळालं. हातानं लिहून पोस्टानं पाठवलंस याचं आधी कौतुक वाटलं, मग वाचलं आणि चिडलो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी नाटक लिहून देते असं गावाला कबूल करून बसलीस आणि आता 'काकाजी, विषयच सुचत नाही'. मोबाईललाही विचारलंस म्हणे. त्यानं दहा विषय काढून दिले: शेतकरी आत्महत्या, हुंडा, दारू, वाघ, अंधश्रद्धा, आणखी काय काय. त्या मोबाईलवर कशाला रागावतेस? मागितलं ते त्यानं दिलं. तुझं मागणंच चुकलं.

विषय सोड. वाक्य धर. कोणीतरी तुझ्या कानावर पडेल असं बोललेलं एक वाक्य, त्याच्या तोंडचं, त्याच्याच बोलीत.

एका वाक्यावर अख्ख्या रात्रीचं नाटक कसं उभं राहील, असं विचारशील. मी लिहायला लागण्याआधी अकरा हंगाम प्रॉम्प्टर होतो, हे तुला माहीत नसेल. धान निघालं, दिवाळी झाली की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाहून नाटक मंडळाची गाडी सुटायची ती होळीपर्यंत. विंगेत एका पेटीवर बसायचं, मांडीवर संहिता, हातात बॅटरी, अंगावर घोंगडी. तिथून प्रेक्षक दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. रात्री तीनच्या सुमाराला अर्धा मंडप पेंगलेला असतो. नायकानं समाजसुधारणेचं भाषण सुरू केलं की खोकल्याचा आवाज वाढतो. मग एखादी नटी सुपातले तांदूळ पाखडता पाखडता सासूला एक साधंच वाक्य बोलून जाते आणि खोकला बंद. एकदम बंद. मी त्या ओळीसमोर पेन्सिलनं फुली मारायचो. पुढे त्या सगळ्या वह्या काढून पाहिल्या. भाषणावर एक फुली नव्हती.

तरी मी शिकलो नाही. म्हणून तर तुला हे लिहितो आहे.

2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या वेळी तू शाळेत असशील. आपल्याकडे शंकरपट गेला म्हणजे निम्मा हिवाळा गेला. पट असला की पाहुणे, पाहुणे आले की रात्री नाटक. आमच्या शेजारच्या गावात एकाची पटाची जोडी होती. बंदीनंतरही तो बैलांना तसाच खुराक देत होता, स्वतः उसनवारीवर असताना. मी म्हटलं, आता कशाला? तो बैलांसाठी ढेप, म्हणजे पेंड, भिजवत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याले का सांगू, कोर्टानं बंदी केली मनून?"

पोरी, हे वाक्य माझ्या हातात आयतं आलं होतं आणि मी विषय धरला. 'शंकरपट बंदी'. नाटकात वकील घातला, पुढारी घातला, मोर्चा घातला, दुसऱ्या अंकात कोर्टाचा देखावा उभा केला. ते वाक्य? विनोदी नटाला देऊन टाकलं, हशा येईल म्हणून. मंडळवाल्यांनी वर दोन नाच टाकायला लावले आणि मी टाकले. पोराची फी भरायची होती. दोष त्यांचाही आहे, एवढं मला म्हणू दे. झाडीत मंडळाशी भांडून लेखक जगत नाही. पण वाक्य मंडळानं नाही सांडलं, मी सांडलं. नाटक चार प्रयोगांत बसलं.

2021 च्या डिसेंबरात न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि माझा विषय कायमचा शिळा झाला. मी त्या माणसाकडे गेलो. गोठ्यात मोटारसायकल उभी होती. त्याला त्याचं वाक्य सांगितलं, तर हसून म्हणाला, "मी असा मनलो होतो?"

विषयाचं हे असंच आहे, तो कागदावर येतो आणि कागदावरच जातो. चंद्रपूरची दारूबंदी 2015 ला आली, 2021 ला उठली. मधल्या काळात त्यावर लिहिलेल्या दोन संहिता मजजवळ पडून आहेत, दोन्ही माझ्याच. दारुड्याच्या बायकोनं रात्री दार लावताना काय म्हटलं हे मी तेव्हा कोणाला विचारलं असतं, तर त्या आजही चालल्या असत्या.

ऐकलं की त्याच दिवशी लिही. सुधारू नको. 'मनलो' चं 'म्हणालो' केलंस की माणूस निघून जातो आणि मास्तर उरतो. रिद्धपूर आपल्याच विदर्भातलं. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटानं लीळाचरित्रासाठी चक्रधरांच्या आठवणी गोळा करताना काय केलं? ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून विचारलं, आणि एकच प्रसंग दोघांनी निरनिराळा सांगितला तर तोही फरक नोंदवून ठेवला. मोठा पंडित होता तो, गोडगोड जुळवून एकच करणं त्याला जड नव्हतं. पण त्यानं जुळवलं नाही. एवढा पंडित थांबला आणि आपण पहिल्याच पानावर माणसाच्या तोंडात शुद्ध भाषा कोंबतो!

वाक्य सापडलं तरी लगेच अंक पाडायला बसू नको. आधी ते कोणाला बोललं गेलं ते पाहा. मग विचार कर, हेच वाक्य त्या माणसाला कोणासमोर बोलता येणार नाही? बापासमोर, सावकारासमोर, सुनेसमोर? त्याला नेमका तिथे नेऊन उभा कर. बैलवाला आपल्या पोराला 'तुझ्या फीला पैसे नाहीत' म्हणतोय आणि मागे ढेप भिजतेय, एवढाच प्रवेश मी लिहायला हवा होता. मला तो सात वर्षांनी दिसला, त्याच्या गोठ्यातून परत येताना.

पुण्या-मुंबईला जाऊन आधी 'एक्स्पोजर' घ्यावं का, असंही विचारलंस. जा की, कोण अडवतो? मी गेलो नाही. भीतीनं गेलो नाही असं माझे मित्र म्हणतात. मी म्हणतो, मला इथलं ऐकू येतं, तिथलं आलं नसतं. दोन्ही थोडं थोडं खरं असेल. 2023 ला आपल्या झाडीपट्टीतलेच नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून हे मित्र जरा गप्प आहेत. असो, तो माझा तंटा आहे, तुझा नाही.

आता तुझ्या पत्राकडे ये. पहिली दोन पानं विषय नसल्याचं रडगाणं. चौथ्यावर माझी स्तुती, ती मी ठेवून घेतली. तिसऱ्या पानावर मात्र मधेच एक कंस आहे. रोवणीच्या दिवसांत रात्री तू वही घेऊन बसलीस, आणि आई म्हणाली, "लिवतेस त लिव, पण माह्यावर नको लिवू. माह्या जल्मात काईच झालं नाई." तू ते कंसात टाकलंस आणि पुढच्या ओळीत पुन्हा 'विषय सुचत नाही'. मी तो कंस लाल शाईनं खोडला. वाक्य ठेवलं.

दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आलेली बाई हे कधी बोलली? जेवणाआधी की नंतर? बाप घरात होता का? तू काय उत्तर दिलंस, की नुसती हसलीस? तुझ्या लेकीला ती हे सांगेल का? मला नाटक एवढ्यात पाठवू नको. ते बोलताना आईच्या हातात काय होतं, तेवढं आधी पोस्टकार्डावर कळव. आठवत नसेल तर तिलाच विचार, पण कशासाठी विचारतेस ते सांगू नको.

तुझा,
काकाजी