कॉलेजजवळच्या छोट्या स्नॅक्स सेंटरवर हेल्दी पदार्थ ठेवले तर चालतात का? नक्की काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजजवळ छोटं दुकान आहे, वडापाव, समोसा, मिसळ, सँडविच विकता, हेल्दी काहीतरी ठेवायचंय पण गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते, आणि एअर फ्रायर घेऊ का असंही विचारलंय. मी आणि बायको साताऱ्यात पोवई नाक्याजवळ ११ वर्षं नाश्ता सेंटर चालवतोय, मागची चार वर्षं हेच सगळं करून बघतोय, त्यामुळे जे स्वतः केलंय तेवढंच सांगतो.

आमच्याकडं सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. एसटीतून रिटायर झालेले एक काका रोज सकाळी दोन वडे आणि चहा घ्यायचे, एक दिवस आले आणि नुसतेच बाकावर बसले. म्हणाले, "मालक, शुगर निघाली बघा. आता तुमच्यात काय खायचं मी?" मी दुकानभर नजर फिरवली आणि खरंच त्यांना देण्यासारखं काही नव्हतं, वडा, भजी, साबुदाणा वडा, क्रीम रोल, गोड चहा. सात वर्षं रोज येणाऱ्या माणसाला आपण कायकाय खाऊ घातलं हा विचार त्या दिवशी डोक्यात बसला तो गेला नाही. आणि असे काका एकटे नाहीत, आयसीएमआर म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा सर्व्हे २०२३ ला छापून आला त्यात देशात १० कोटीच्या वर लोकांना डायबेटिस असल्याचं निघालं, यातले कितीतरी रोज आपल्यासारख्यांच्या दुकानात उभे असतात.

मग मी सगळ्यांची होते ती चूक केली. बाहेर बोर्ड लावला "हेल्दी नाश्ता मिळेल" आणि ओट्सचा उपमा, काकडी-टोमॅटो-बिटाची सॅलड प्लेट, मोड आलेल्या मुगाचं चाट आणि ब्राऊन ब्रेड सँडविच चालू केलं. उपमा पातेल्यात घट्ट होऊन बसायचा, सॅलडला तासाभरात पाणी सुटायचं, आणि मे महिन्यात मूग दुपारी १२ लाच आंबूस वास मारायला लागले. पोरं बोर्ड वाचून म्हणायची "आजारी माणसांचं आहे ते" आणि पलीकडच्या गाडीवर जायची. दीड महिन्यात बोर्ड काढला. तेव्हा माझा पहिला सल्ला हाच, हेल्दी हा शब्द बोर्डावर लिहूच नका. माणूस दुकानात चवीसाठी, भुकेसाठी आणि पटकन मिळतं म्हणून येतो, बदल पदार्थाच्या आत करा, आणि नवीन काही ठेवाल ते आपल्याच स्वयंपाकघरातलं ठेवा, ज्याचं नाव ऐकून तोंडाला पाणी सुटतं.

सगळ्यात आधी कढईकडं बघा. वडा बंद करायची काहीच गरज नाही, मी आजही वडा विकतो, पण तेलाचं सगळं बदललं. तेल गार असताना वडे सोडले की वरचं कव्हर पटकन धरत नाही आणि तेल आत शिरतं, म्हणून साधारण १७५ ते १८० डिग्रीला तळायचं, त्यासाठी तळणाचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. गर्दीच्या वेळी आचारी एका घाण्यात २०-२५ वडे लोटतो ना, तिथं तेल एकदम गार पडतं आणि सगळा घाणा तेलकट होतो. आम्ही मोठ्या कढईत १२ च्या वर टाकत नाही. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, बरंचसं तेल पदार्थ तळताना नाही तर बाहेर काढल्यावर गार होताना आत ओढलं जातं, म्हणजे वडे झाऱ्यातून काढून थेट परातीत एकावर एक रचले की वरचं तेल खालच्याने प्यायलंच समजा. झारा कढईवरच नीट झटकायचा आणि वडे जाळीवर सुटे ठेवायचे, एवढं केलं तरी हातात घेतल्यावर फरक जाणवतो. कव्हरच्या पिठात सोडा जास्त पडला तरी वडा तेल पितो. आम्ही सोडा जवळपास बंद केला आणि किलोभर बेसनाला दोन मुठी तांदळाचं पीठ घालतो, कुरकुरीतपणा त्यानेच येतो.

आणि तेल किती वेळा वापरायचं याबद्दल जरा कडक बोलतो. वापरलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपल्याकडं ते मोजायचं मशीन नसतं, पण तेल काळं पडलं, चिकट झालं, वर फेस धरायला लागला, लवकर धूर सोडायला लागला की ते गेलेलं असतं. काल उरलेल्यात आज नवीन ओतून चालवायचं हे तर करूच नका, जुनं तेल नव्यालाही लवकर खराब करतं. प्रत्येक घाण्यानंतर खालचा चुरा गाळून काढा, जळलेला चुराच तेलाची वाट लावतो. आता उरलेल्या तेलाचं काय, तर बरेच जण ते स्वस्तात छोट्या गाडीवाल्यांना विकतात आणि तेच तेल परत कुणाच्या तरी पोटात जातं. असं करू नका हो. रुको नावाची एफएसएसएआयची योजना आहे, तिच्यातले अधिकृत गोळा करणारे तेल विकत घेऊन बायोडिझेलला देतात. आमच्याकडं दिवसाला दोन-तीन लिटरच उरतं, म्हणून आम्ही तिघे दुकानदार मिळून कॅन भरतो.

डालडा पूर्ण बंद करा. त्यात ट्रान्स फॅट म्हणजे हृदयाला वाईट असलेली चरबी असते, तिची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलीय हे खरं, पण पॅटिस, खारी, क्रीम रोल असा बेकरीचा माल आपण बाहेरून घेतो तेव्हा त्यात काय घातलंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तो मी ठेवतच नाही.

एअर फ्रायर घेऊ नका. ओलं बेसन त्यात धरत नाही, ओघळून खाली पडतं, आणि एका वेळी पाच-सहा नग पंधरा मिनिटांनी बाहेर येणार, तोवर कॉलेजची मधली सुट्टी संपलेली असते. त्याच पैशात बिडाची दोन मोठी आप्पेपात्रं आणि एक इडली-ढोकळ्याचं वाफेचं भांडं येतं.

आप्पे हे आमच्या दुकानाचं सगळ्यात चांगलं झालेलं काम आहे. तांदूळ, उडीद आणि थोडी नाचणी भिजवून पीठ आंबवायचं, त्यात कांदा, गाजर, कोथिंबीर, मिरची बारीक चिरून, आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-तीन थेंब. ७ आप्पे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी ३५ रुपये. बाहेरून कुरकुरीत लागतात म्हणून पोरांना वड्याची आठवण येत नाही, आणि नाचणी आहे हे आम्ही सांगतसुद्धा नाही, रंग जरा सावळा दिसतो एवढंच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वडापावच्या प्लेटमध्ये एक आप्पा फुकट ठेवला, चव कळली की लोक आपोआप मागतात.

मिसळ तर मुळात चांगलाच पदार्थ आहे, आपणच तिची शेव-फरसाण करून टाकली. पूर्वी आमच्या वाटीत मूठभर मटकी आणि वर फरसाणाचा डोंगर असायचा. आता मटकीच्या दोन भरून पळ्या, कट बेताचा, तर्री ज्याला पाहिजे त्याला वरून, आणि फरसाण वेगळ्या छोट्या वाटीत. निम्मी माणसं ती वाटी पूर्ण संपवत नाहीत हे बघून मलाच आश्चर्य वाटलं. पैशाचाही हिशोब बघा, किलोभर मटकीची मोड आल्यावर दोन किलोच्या वर उसळ होते आणि फरसाण तर किलोच्या भावात मटकीपेक्षा महाग पडतं, म्हणजे प्लेट चांगली झाली आणि खर्च उलट कमी झाला. मोड मात्र कच्चे देऊ नका, ओलाव्यात जंतू फार वाढतात, वाफ काढूनच वापरा. पावाऐवजी ज्वारीची भाकरी पण ठेवली, शेजारच्या मावशी करून देतात, रोज ३० भाकऱ्या जातात आणि त्यांना हक्काचं काम मिळालं. भाकरी दोन तासांनी वातड होते म्हणून त्या सकाळी ८ ला आणि ११ ला अशा दोन खेपांत पाठवतात.

गव्हाच्या पावाच्या मागं मी बराच पैसा घालवला. एका बेकरीवाल्याने ब्राऊन पाव म्हणून दिला तो चार महिने विकला, नंतर कळलं की मैदाच होता, रंग तेवढा घातलेला. गिऱ्हाइकाला मी स्वतः गव्हाचा म्हणून सांगितला होता त्यामुळे फार लाज वाटली, रोजच्यांना बोलावून खरं सांगितलं. तेव्हापासून पाव साधा लादीपावच घेतो आणि ज्याला मैदा नको त्याला भाकरी. तुम्ही गव्हाचा घेणार असाल तर बेकरीत उभं राहून पीठ मळताना बघा.

पोहे आपल्याकडं सगळेच ठेवतात, त्यात फक्त मटार, शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी वाढवली आणि वरची शेव बंद करून ओलं खोबरं-लिंबू द्यायला लागलो. उन्हाळ्यात दडपे पोहे, गॅससुद्धा लागत नाही. कोथिंबीर वडी आणि अळूवडी उकडून ठेवायची आणि मागणी आली की तव्यावर चमचाभर तेलात परतायची, तळलेल्यापेक्षा आमच्याकडं हीच जास्त खपते. थालीपीठ भाजणीचं, पण ते सकाळच्या गर्दीत ठेवू नका, एकाला सहा-सात मिनिटं लागतात आणि रांग लागली की लोक चिडतात. आम्ही दुपारी ४ नंतर देतो. त्याच्यावर लोण्याचा गोळा मागतात, तो मी देतो, पण शुगर-बीपीवाल्या ओळखीच्या माणसाला दही घ्या म्हणून सांगतो. उपवासाला साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, म्हणून एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी करतो. भगर अख्खी आणून निवडून घ्या, तयार पीठ घेऊ नका, जुनं असलं तर माणसं आजारी पडतात.

मीठ एकदम कमी केलंत तर दुसऱ्या दिवशी तक्रार येणार. आम्ही दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं कमी केलं, चटणीत लिंबू आणि आमसूल वाढवलं, कुणी काही बोललं नाही. चहाचं पण तसंच. आता पातेल्यात साखर कमी टाकतो, डबा बाहेर ठेवलाय, आणि बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा, तोही त्याच भावात. हे महत्त्वाचं आहे, चांगल्या पदार्थाला जास्त पैसे लावले की तो फक्त शौकिनांचा होतो. आमच्याकडं रिक्षावाला आणि हमालसुद्धा आप्पे खातो कारण पोट भरतं आणि परवडतं.

कोल्ड ड्रिंकचा विषय अवघड आहे कारण कंपनीचा फ्रीज फुकट मिळतो आणि त्यात दुसरं काही ठेवू देत नाहीत. ३०० मिलीच्या कोलात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा चमचे. मी फ्रीज परत दिला, दोन माठ आणले, एकात जिरं-आलं-कोथिंबिरीचं ताक आणि दुसऱ्यात कोकम सरबत, मार्च ते जून नाचणीची आंबीलही असते. पहिल्या महिन्यात गल्ल्याला फटका बसला हे खरं सांगतो, पण ताकात बाटलीपेक्षा जास्त पैसे सुटतात, उन्हाळा संपेपर्यंत भरून निघालं.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. वडा वर्तमानपत्रात बांधून देऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमात त्याला बंदीच आहे, आम्ही पळसाचे द्रोण आणि साधा कोरा कागद वापरतो. आणि जवळपास शाळा असेल तर २०२० चा नियम बघून घ्या, शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत.

आमच्यापासून शाळा लांब आहे, पण क्लासला जाणारी बारकी पोरं संध्याकाळी ५ ला येतात, हातात १० रुपयांची नोट असते आणि त्यात मिळतील ते कुरकुरे घेऊन जायची. त्यांच्यासाठी आम्ही १० रुपयांचंच ताट बसवलंय, दोन आप्पे आणि उकडलेल्या शेंगांची मूठ, पावसाळ्यात शेंगांच्या जागी अर्धं कणीस. यात मला काहीच सुटत नाही, पण ते बंद करायचं नाही असं बायकोने सांगून ठेवलंय. काका पण अजून येतात, मटकी जास्त आणि फरसाण नको, सोबत एक भाकरी, आणि वडा फक्त रविवारी एकच. तुम्ही सुरुवात करणार असाल तर एकदम सगळं करू नका, या आठवड्यात फक्त तेल आणि जाळी, पुढच्या महिन्यात आप्पेपात्र. पिठाचं प्रमाण पाहिजे असेल तर विचारा, बायकोला विचारून नीट लिहितो.