जुन्या घराला पुन्हा रंग देताना प्रायमर लावावाच लागतो का?

बारा वर्षांच्या सदनिकेला पुन्हा रंग द्यायचा आहे, असे आपण लिहिले आहे. दिवाणखान्याच्या भिंतींवर प्लास्टिक इमल्शन आहे, आतल्या दोन खोल्यांना डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग, आहे, न्हाणीघराचे नळ बदलताना पॅसेजच्या भिंतीचा काही भाग फोडून नव्याने प्लास्टर केला आहे आणि खिडक्यांच्या ग्रिलला गंज धरला आहे. रंगारी म्हणतो प्रायमरची, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या थराची, गरज नाही, दुकानदार म्हणतो सगळीकडे हवाच. इमारतींच्या कामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो, की दोघेही आपापल्या सोयीचे बोलत आहेत. रंगाऱ्याचा एक हात, म्हणजे एक थर देण्याचे काम, वाचतो आणि दुकानदाराचा एक डबा खपतो. आपल्या घरातल्या या चार ठिकाणांची उत्तरे मात्र वेगवेगळी आहेत.

दिवाणखान्यापुरते रंगाऱ्याचे म्हणणे बरोबर असू शकते. जुने इमल्शन घट्ट बसलेले असेल आणि नवा रंगही त्याच जातीचा असेल, तर भिंत धुऊन, बारीक पॉलिश पेपर फिरवून, धूळ पुसून थेट रंगाचे दोन हात मारता येतात. घट्ट बसले आहे की नाही, हे पाहण्यासाठी चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीवर दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे पोपडे आले, तर तेवढा भाग खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मात्र खिळ्यांची भोके आणि तडे पुट्टीने भरले असतील, तर त्या जागांवर प्रायमर हवाच. पुट्टी रंगातले पाणी आणि त्याबरोबर रंगाला धरून ठेवणारा चिकट अंशही शोषून घेते, त्यामुळे तिथे रंग कोरडा, निस्तेज दिसतो आणि संध्याकाळी दिवा लावला की भरलेला प्रत्येक खड्डा चट्ट्यासारखा उठून दिसतो.

डिस्टेंपरच्या खोल्या ही खरी अडचणीची जागा आहे. तळहात भिंतीवर जरा जोरात फिरवून पाहा. हाताला पिठासारखी पांढरी भुकटी लागली, तर त्या भुकटीवर लावलेला कोणताही थर भुकटीला चिकटेल, भिंतीला चिकटणार नाही. मी स्वतःच्या घरी एकदा हीच चूक केली. वेळ वाचवण्यासाठी जुन्या डिस्टेंपरवर नुसता प्रायमर मारून वर इमल्शन लावून घेतले आणि पुढच्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवरून रंग, प्रायमर आणि डिस्टेंपर असे तिन्ही थर एकत्र, वाळलेल्या केळीच्या सोपटासारखे सुटून आले. तेव्हा डिस्टेंपर पाण्याने भिजवून पत्तीने खरवडणे, भिंत धुणे आणि ती पूर्ण वाळू देणे हे आधी, आणि प्रायमर नंतर. खरवडण्याची मजुरी वेगळी पडते, म्हणून रंगारी हा विषय सहसा काढत नाही. ती आपणच ठरवून घ्यावी.

पॅसेजमधल्या नव्या प्लास्टरला प्रायमर लागतोच, पण त्याही आधी लागतो तो वेळ. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो, त्यामुळे ताजे प्लास्टर फार अल्कधर्मी असते. त्यावर ऑइल पेंट लावला, तर रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो, आणि इमल्शन लावले तरी ओलीबरोबर क्षार वर येऊन रंगाखाली पांढरी फुले उमटतात. साधारण 28 दिवस थांबावे, असा प्रघात आहे. पावसाळ्यात त्याहून अधिक. खात्री करायची असेल, तर प्लास्टिकचा हातभर कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले, तर भिंत अजून ओली आहे. इथे पुट्टीचा क्रमही विचारून घ्या. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी प्लास्टर किंचित ओले करून थेट लावतात आणि प्रायमर तिच्यावर येतो. ॲक्रिलिक पुट्टीच्या खाली मात्र प्रायमरचा एक हात आधी द्यावा लागतो.

ज्या भिंतीला न्हाणीघराकडून ओल येते, तिच्यावर प्रायमरचे तीन हात दिले तरी ओल थांबत नाही. गळती आधी शोधावी. गळती बंद होऊन भिंत वाळल्यावर मागे जो तपकिरी डाग उरतो, तो पाण्यात मिसळायच्या साध्या प्रायमरमधून पुन्हा वर येतो. तेवढ्या जागेपुरता टर्पेंटाइनमध्ये मिसळायचा प्रायमर वापरावा.

ग्रिलबाबत चर्चेला जागा नाही. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, पॉलिश पेपरने घासा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडासाठीच्या लाल प्रायमरचा, हात द्या. साफ केलेले लोखंड रात्रभर उघडे ठेवले, तर दमट हवेत त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. रेड ऑक्साइड दिले म्हणजे काम झाले, असे समजून कित्येक ग्रिल महिनोन्महिने तशाच लाल राहतात. तो थर सच्छिद्र असतो, त्यातून ओलावा आत शिरतो आणि गंज खालून चालू राहतो. म्हणून प्रायमर वाळल्यावर दोन-चार दिवसांत त्यावर एनॅमलचे दोन हात पडायला हवेत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. प्रायमरमध्ये किती पाणी घालायचे, ते डब्यावर छापलेले असते आणि कामावर त्याहून बरेच जास्त घातले जाते. पहिला डबा कालवताना आपण समोर उभे राहा. प्रायमर वाळल्यावर भिंतीवर ओले बोट टेकवून पाहा. पाणी लगेच शोषले गेले आणि काळसर ठिपका उमटला, तर त्या भिंतीला आणखी एक हात मागून घ्या.