वाचकांचे प्रश्न: पहिला फुटबॉल सामना, बसायचं कुठं आणि बघायचं काय

प्रश्न: माझा १४ वर्षांचा मुलगा शाहू स्टेडियमवर सामना बघायला जायचं म्हणून हट्ट धरून बसला आहे. आम्ही कोल्हापुरात नव्याने आलो आहोत, घरात फुटबॉल कुणालाच कळत नाही. गर्दीतल्या भांडणांबद्दल ऐकून धास्ती वाटते. पाठवावं का?
*एक आई, कोल्हापूर*

उत्तर: ताई, जरूर पाठवा. मात्र पहिला सामना कोणता, हे तुम्ही ठरवा आणि सोबत एक मोठं माणूस असू द्या.

कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावं इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. इतकं प्रेम असलं की ईर्ष्याही आलीच. हुल्लडबाजीची शक्यता सर्वांत जास्त असते ती जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या लढतीत आणि बाद फेरीच्या शेवटच्या सामन्यांत. म्हणून सुरुवात केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमधल्या एखाद्या साध्या सामन्याने करा. गर्दी बेताची असते, जागा निवडता येते, खेळ मात्र तोच बघायला मिळतो.

कपडे कोणत्याच संघाच्या रंगाचे नकोत. दोन्ही संघांचे रंग आदल्या दिवशी विचारून घ्या. आत शिरताना कोणते समर्थक कोणत्या बाजूला बसतात, हे दारावरच्या माणसाला विचारा आणि दोघांच्या मधली, वरच्या पायऱ्यांवरची जागा धरा. सामने दुपारचे असतात. पश्चिमेकडे पाठ येईल अशी जागा मिळाली तर उतरतं ऊन डोळ्यांत जात नाही. सिमेंटच्या पायऱ्या तापतात, तेव्हा जाड टॉवेलची घडी न्या. टोपी हवीच. पाण्याची बाटली बऱ्याचदा दारावर काढून घेतात, त्यामुळे आत जाण्याआधी पोटभर पाणी पिऊ द्या.

चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. 'गेटजवळ' असं मोघम ठरवू नका, गेटं अनेक असतात. बाहेरचं एखादं ठरावीक दुकान किंवा चौक सांगा आणि वेळही सांगा, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

आता भांडणाचं. गॅलरीत कुठे धक्काबुक्की सुरू झाली तर खाली दाराकडे धावायचं नाही. लोक चेंगरतात ते जिन्यात आणि दारात, कारण मागच्यांना पुढे काय अडलंय ते दिसत नाही. आहे त्याच पायरीवरून आडवं चालत लांब व्हायचं, भिंतीशी किंवा कठड्याशी उभं राहायचं नाही, मोबाइल काढून चित्रण तर अजिबात करायचं नाही. सामना संपल्यावरही १०-१५ मिनिटं जागेवर बसून राहा. एवढं मुलाला एकदा शांतपणे समजावून सांगा. त्या वयाची मुलं ऐकतात, फक्त कारण सांगावं लागतं.

प्रश्न: मी १५ वर्षांचा आहे. टीव्हीवर भरपूर फुटबॉल बघतो, पण मैदानात कधी गेलो नाही. मामासोबत अंधेरीला मुंबई सिटीचा सामना बघायला जाणार आहे. मित्र म्हणतात की मैदानात काही कळत नाही, टीव्हीच बरा. खरं आहे का?
*एक विद्यार्थी, नाशिक*

उत्तर: टीव्हीच्या सवयीने बघितलंस तर खरं ठरेल. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि एका वेळी मैदानाचा एक तुकडा दाखवतो. मैदानात तुझ्यासमोर साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असं सगळं चित्र एकदम उलगडलेलं असतं. ते बघायला जायचं आहे. चेंडू तर घरीही दिसतो.

म्हणून जागा महत्त्वाची. पहिल्या रांगेचा मोह टाळ. तिथून खेळाडू जवळ दिसतात, पण दोन खेळाडूंमधलं अंतर कळत नाही आणि पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते तर मुळीच नाही. गोलच्या मागे बसलास तर दुसऱ्या टोकाचा गोल अंदाजानेच साजरा करावा लागतो. बाजूच्या स्टँडमध्ये, जमेल तितकं वर, मधली रेषा आणि पेनल्टी बॉक्स (गोलसमोरचा मोठा चौकोन) यांच्या दरम्यान बस.

सामना सुरू होण्याच्या तासभर आधी आत पोहोच. साधारण ४५ मिनिटं आधी संघ सरावाला उतरतात, बहुधा गोलरक्षक सगळ्यांत आधी. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल राखायला एक माणूस किती आणि कशा हालचाली करतो, हे निवांत बघण्याची ही एकच वेळ.

पहिली दहा मिनिटं फक्त मागची फळी बघ. बचावाला चार आहेत की तीन? चेंडू पुढे गेला की ती रेषा किती वर सरकते? मग चेंडू डावीकडे असताना मुद्दाम उजवीकडे बघ. तिथला खेळाडू मोकळा उभा असेल, हात वर करून पास मागत असेल. तो पास आला की अख्खा बचाव कसा धावत सरकतो, आणि सरकताना मधे कुठे भगदाड पडतं, ते बघ. गोल बहुतेक वेळा त्या भगदाडातून होतो. टीव्हीवर आपल्याला शेवटचा फटका तेवढा दिसतो.

ऑफसाइड, म्हणजे पास निघताना चेंडूच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असणं, मैदानात ओळखणं अवघड, कारण दोन गोष्टी एकाच क्षणी बघाव्या लागतात. पास निघाला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता, हे मोजलं जातं. चेंडू पोहोचला तेव्हा कुठे होता, हे नाही. चेंडू पायातून सुटणार असं वाटलं की नजर बचावाच्या रेषेवर ठेव. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हेही ध्यानात ठेव. सहायक पंचाचा झेंडा वाचायला शीक: तो आधी झेंडा सरळ वर करतो, मग वरच्या बाजूला तिरपा धरला तर ऑफसाइड पलीकडच्या बाजूचा, आडवा धरला तर मधला, खाली झुकवला तर त्याच्या जवळचा. झेंडा कधी मुद्दाम उशिरा वर जातो. चढाई पूर्ण होऊ द्यायची आणि मग निर्णय, अशी पद्धत आहे. तेव्हा गोल झाला की उडी मारण्याआधी एकदा त्या झेंड्याकडे बघून घे.

मुख्य पंचाच्या हातांनाही अर्थ असतो. दोन्ही हात पुढे केले तर फाउल झालाय, पण खेळ चालू द्या. फ्री किकच्या वेळी एक हात वर धरून ठेवला तर त्या किकवरून थेट गोल होत नाही, आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श हवा. २०२५ पासूनच्या नियमानुसार गोलरक्षकाने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे ५ सेकंद पंच बोटांनी मोजून दाखवतो. मैदानात समालोचक नसतो, म्हणून हे हातवारे हेच तुझं समालोचन.

व्यवहाराचं थोडं: तिकीट मोबाइलमध्ये असेल तर त्याचं चित्र जपून ठेवा आणि बॅटरी राखा. पॉवर बँक, छत्री, मोठी पिशवी बहुतेक ठिकाणी आत नेता येत नाही, आणि त्या ठेवायला जागा मिळेलच असं नाही. मेट्रोने आझाद नगर स्थानक सर्वांत सोयीचं. सामना साडेसातचा असेल तर ४५ मिनिटांचे दोन डाव, १५ मिनिटांची विश्रांती आणि वाढीव वेळ धरून साडेनऊ वाजतात. बाहेर पडेपर्यंत दहा. त्याच रात्री नाशिक गाठायचा बेत करू नका.

प्रश्न: माझ्या १३ वर्षांच्या मुलीला फातोर्ड्याला एफसी गोवाचा सामना बघायचाय. पण मोठ्या आवाजाचा तिला त्रास होतो, गणपतीतही ती ढोलांपासून लांब पळते. काही उपाय?
*एक वडील, सावंतवाडी*

उत्तर: ढोल वाजवणारे समर्थक बहुधा गोलच्या मागे जमतात, म्हणून तिकीट बाजूच्या स्टँडचं काढा. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी खुपसले तर काहीच उपयोग होत नाही. बहुतेकांचं तिथेच चुकतं. घरी दोन-तीनदा सराव करून घ्या.

गोलच्या वेळचा कल्लोळ अचानक येतो, तेवढी कल्पना तिला आधी द्या. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उठलात तर स्वच्छतागृहाची रांगही चुकेल आणि ती गर्दीही. पूर्वार्धानंतर ती दमली, तर निघा. अर्धा सामनाही पुष्कळ असतो.

प्रश्न: बरोबरी झाली तर सामना किती लांबतो? क्लासला परत यायचं असतं.
*एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

उत्तर: लीगमध्ये बरोबरी म्हणजे बरोबरी, प्रत्येकी एक गुण आणि घरी. बाद फेरीत मात्र स्पर्धेच्या नियमाप्रमाणे १५-१५ मिनिटांचा जादा वेळ किंवा थेट टायब्रेकर. ११ मीटरवरून प्रत्येकी पाच फटके, तरीही सुटलं नाही तर सडन डेथ, म्हणजे एकेक फटका, एकाचा गोल झाला आणि दुसऱ्याचा हुकला की संपलं. जादा वेळ आणि टायब्रेकर दोन्ही धरून पाऊण तास हाताशी ठेव. टायब्रेकरचे सगळे फटके एकाच गोलवर होतात आणि अर्धी गॅलरी त्या टोकाला धावते. तू जागेवरच राहा, उंचावरून गोलरक्षक कुठल्या पायावर भार टाकतोय ते नीट दिसतं.