बोटीसाठी जीपीएस कुठला घ्यावा, आणि हवामानाचं काय?

प्रश्न: आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक सेकंडहँड फायबर बोट घेतलीय, आउटबोर्ड इंजिनवाली, मुरुडला ठेवलीय. पावसाळा संपला की जायला लागू. माझा मावसभाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तो म्हणतो गार्मिन कंपनीचं इनरीच आणतो, जीपीएस, हवामान, एसओएस सगळं एकातच. आणायला सांगू का? की मोबाइल पुरेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: भावाला आजच फोन करा आणि सांगा, बाबा रे, ते आणू नकोस. इनरीच इरिडियम कंपनीच्या उपग्रहांवरून मेसेज पाठवतं, आणि असलं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे बाळगता येत नाही, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांवर यावरूनच केस झालीय. नुसता सिग्नल घेणारा जीपीएस असेल तर काही प्रॉब्लेम नाही. तिकडचे बोटवाले सिरियसएक्सएम या उपग्रह-रेडिओ कंपनीचं हवामान घेतात, तेही इकडे चालत नाही.

म्हणून दोन्ही एकाच डब्यात शोधूच नका. जीपीएस बटणांचा घ्या, पाण्यात पडला तर तरंगणारा, गार्मिनचा जीपीएसमॅप ७९ तसा आहे आणि दोन एए सेलवर चालतो, सेल काय गावातल्या दुकानातही मिळतात. मोबाइलच्या जीपीएसला रेंज लागत नाही हे खरं, नकाशा आधी डाउनलोड केला असेल तर भर समुद्रातही ठिपका दिसतो, पण खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटांनी टचस्क्रीन एकदा चालवून बघा म्हणजे कळेल, म्हणून तो जोडीला ठेवा, पाउचमध्ये. जीपीएस घेताना आपल्या किनाऱ्याचा सागरी चार्ट त्यात आहे का ते विचारा, नुसत्या रस्त्यांच्या नकाशाचा उपयोग शून्य. पहिल्यांदा मुरुडच्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्या जाणत्या कोळ्याला, बरोबर न्या, ओहोटीला उघडे पडणारे खडक दाखवायला सांगा आणि तिथेच पॉइंट सेव्ह करा.

हवामानाला पैसे घालवू नका. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचं ‘समुद्र’ नावाचं ॲप फुकट आहे, लाटा, वारा, प्रवाह सगळं देतं. फक्त एक लक्षात ठेवा, लाट दीड मीटर असं लिहिलेलं असतं ते सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांचं सरासरी माप असतं, मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते, आणि तुमच्या छोट्या बोटीला तीच नडणार. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा असेल तर निघूच नका, बोट कितीही भारी असली तरी. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर चौघांच्याही फोनमध्ये असू द्या, किनाऱ्याजवळ रेंज असेपर्यंत तरी लागेल.

प्रश्न: आम्ही खडकवासल्यात कयाक चालवतो, आम्हाला यातलं काय लागेल?
– धायरीची एक वाचक

उत्तर: जीपीएस नको हो, काठ दिसतोय की! लाइफ जॅकेट आणि आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप, बास. २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सांगतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव अंगावर यायला वेळ लागत नाही, पाऊस यायच्या आधीच वारा सुटतो आणि कयाक भलतीकडेच जाते, त्यामुळे त्या दिवसांत सकाळीच उरकून घ्या.