मनीची टोपी लाल, हे चित्र सांगेल
बालपुस्तके : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, काढून द्यायला एजंट तीन हजार मागतोय. द्यावेत का? (बोरिवली)

उत्तर : छदामही नको. केंद्र सरकारची राजा राममोहन राय एजन्सी तो क्रमांक मोफत देते, अर्जही ऑनलाइन होतो. आणि त्याने कॉपीराइट मिळत नाही! गोष्ट लिहिलीत तेव्हापासूनच कॉपीराइट तुमचा आहे.

प्रश्न : गोष्ट १४ पानांत बसते. चालेल? (परळ)

उत्तर : चालेल. शीर्षक आणि श्रेयाची दोन धरून १६ होतात. पिना मारायच्या पुस्तकाला पाने चारच्या पटीत लागतात.

प्रश्न : वाचक पाच-सहा वर्षांचे. चित्रकाराला सगळे कळावे म्हणून बारीकसारीक वर्णन लिहिले. मजकूर जास्त होतो का? (मुलुंड)

उत्तर : होतो, आणि दहातल्या नऊ हस्तलिखितांचे दुखणे हेच. तुमचेच वाक्य घ्या : ‘लाल टोपी घातलेली मनी उंच भिंतीवर चढली.’ टोपी, तिचा रंग, भिंत, उंची सगळे चित्रात येणार. उरले काय? ‘मनी चढली.’ आता चित्राला जमणार नाही ते लिहा : ‘खालून कुणीतरी शुक् शुक् केलं.’ चित्रकारासाठीच्या सूचना वेगळ्या कागदावर द्या.

मग ए-फोरचे चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. १६ पानांची वही झाली. पहिले पान शीर्षकाला, दुसरे श्रेयाला, तिसऱ्यापासून गोष्ट. मजकूर पेन्सिलीने लिहा. उत्सुकतेची जागा उजव्या, म्हणजे विषम पानाच्या शेवटी आणा. शुक् शुक् पाचव्यावर, तर कुणी केलं ते सहाव्यावर. वही मुलाला स्वतः वाचू द्या. जोडाक्षरावर अडखळला तर शब्द बदला, मुलाला समजावत बसू नका. पहिलीच्या शिक्षिकेलाही दाखवा. हे सगळे चित्रे काढायला देण्याआधी. नंतर वाक्य हलले की चित्रही हलते आणि पैसे दुप्पट जातात.

प्रश्न : जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. पुन्हा तपासायचा? (दादर)

उत्तर : अक्षर न् अक्षर, तेही कागदावर छापून. रफार आणि ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ हमखास बिघडतो. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा.

प्रश्न : प्रकाशक म्हणतात, करारात मुदत कशाला, सगळे विश्वासावर चालते. दोन वर्षे झाली, पुस्तक नाही. आणखी थांबू? (गिरगाव)

उत्तर : विश्वास छापून येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७चे कलम १९ वाचा. सहीचा लेखी कागद नसेल तर हक्क दिलेलेच नाहीत. कागद आहे पण मुदत नाही, तर ती पाच वर्षांची धरतात. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर ते संपतात, करारात वेगळे लिहिले नसेल तर. मात्र दुसऱ्या प्रकाशकाकडे वळण्याआधी कागद वकिलाला दाखवा, आगाऊ रक्कम घेतली असेल तर नक्कीच. याच आठवड्यात.