वाचक विचारतात : कशेळीला जाताना

प्रश्न : माघात कशेळीला कनकादित्याच्या दर्शनाला जायचं आहे. सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. देऊळ, कातळशिल्प आणि समुद्र एका दिवसात होईल का? मूर्ती गलबतातून आली, ही कथा कितपत खरी?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : होईल, पण क्रम घड्याळाकडे नव्हे, तर ऊन आणि तिथी यांच्याकडे बघून ठरवा. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘कशेळी’ टाकलं तर भिवंडीजवळचं कशेळीही निघतं, म्हणून ‘कनकादित्य मंदिर’ असं शोधा. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड आणि मुचकुंदीवरच्या पुलाने गावखडी ओलांडून साधारण पस्तीस किलोमीटर अंतर पडतं. रस्ता वळणावळणाचा आहे, दीड तास धरा.

आधी सडा, म्हणजे कातळशिल्प असलेलं जांभ्या दगडाचं पठार, गाठा. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर ऊन तिरपं असतं आणि जांभ्यातली प्रत्येक रेघ सावलीने उठून दिसते. दुपारी तीच रेघ सपाट होऊन जाते. शिवाय सड्यावर झाड नाही, कातळ तापतो. वडीलधाऱ्यांना ते सोसणार नाही. टोपी आणि पाणी आठवणीने घ्या.

मग देऊळ. छपरावरचा तांब्याचा पत्रा आणि लाकडी कोरीवकाम सावकाश बघा. कथेबद्दल सांगायचं तर गुजरातेतल्या प्रभासपाटणहून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली आणि पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त झाला, असं गावात सांगतात. प्रचलित कथेत ही मूर्ती खिलजीच्या स्वारीपासून वाचवलेली आहे. ती स्वारी तेराव्या शतकाच्या अखेरची. कशेळीचा ताम्रपट मात्र शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ चा. म्हणजे गावाचं नाव कथेतल्या घटनेच्या शंभर वर्षं आधीच लेखात आहे. मूर्ती कुठून आली हे यावरून ठरत नाही, पण गावाचा जुनेपणा कथेवर अवलंबून नाही एवढं नक्की. आमच्या मते कशेळीत सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

देवघळीच्या किनाऱ्यासाठी कोकणातला जुना हिशेब वापरा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. सप्तमीला सात पाऊण म्हणजे सव्वापाच. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी अकराच्या सुमारास. वद्य पक्षातही पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्याएक तासाचा फरक पडू शकतो. रथसप्तमीला उत्सव असतो, म्हणजे सकाळची वेळ जुळते. फक्त ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, पाणी फारसं मागे जात नाही. आईवडिलांना कड्यावरूनच किनारा दाखवा. उतार तीव्र आहे. खालच्या खडकांवर शेवाळ असतं, आणि तिथे पोहणं टाळाच. उत्सवाच्या गर्दीत देवळात निवांतपणा मात्र मिळणार नाही. तो हवा असेल तर उत्सवानंतरचा आठवडा निवडा.

प्रश्न : कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती बघायला ऑगस्टमध्ये गेलो, गवताशिवाय काही दिसलं नाही. पुढच्या वेळी रेघांत खडू भरला तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खडू, चुना, रंग, काहीही भरू नका. जांभा सच्छिद्र असतो. पूड छिद्रांत बसते, मग घासून काढताना रेघेची कड झिजते. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांत कशेळीही आहे.

पावसात सड्यावर गवत माजतं, ते वाळून बसतं दिवाळीनंतर. डिसेंबर ते मार्च जा. हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्यामुळे जमिनीवरून तो एका नजरेत मावत नाही. आधी बाहेरची रेघ धरून पूर्ण फेरी मारा, पाय आणि सोंड ओळखा, मगच पोटातल्या छोट्या प्राण्यांच्या आकृत्या शोधा. फोटो काढताना सूर्य बाजूला ठेवा, पाठीशी नको. चित्रावर पाय देऊ नका. वाळलेलं गवत हाताने बाजूला करायला हरकत नाही. खराटा किंवा तारेचा ब्रश मात्र नको.