पहिलीच कथा आहे, तर एवढंच सांभाळा

रेवा आणि तिच्या मैत्रिणीच्या प्रेमकथेचा तुमचा खर्डा वाचला. गच्चीवर पापड वाळत घालतानाचं दोघींचं बोलणं झकास जमलंय, त्याला हात लावू नका.

शेवट मात्र बदला. आत्महत्या नको, नवे लेखक हमखास तिथेच जातात. (मीही गेलो होतो, दोनदा!)

आईच्या तोंडी 'समलैंगिक' शब्द शोभत नाही. ती 'तसलं काही' म्हणेल, नाहीतर काही न बोलता कुकर लावेल आणि संध्याकाळी नवं स्थळ काढेल. पात्रांकडून व्याख्यान देववू नका. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी वाचा: भाऊ आणि बहीण घरात राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टवर जीव लावतात, दोघं आपापली बाजू सांगतात, बस्स.

आणखी दोन चुका:
- कथा घडते २०१५मध्ये, आणि मैत्रीण म्हणते 'आता कायदा आपल्या बाजूने आहे'. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७चा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. समलिंगी लग्नाला तर अजूनही कायदेशीर मान्यता नाही.
- रेवाला आधी मुलगा आवडला होता, म्हणून ती 'गोंधळलेली' ठरत नाही. तिला मुलगे आणि मुली दोन्ही आवडू शकतात, म्हणजे ती उभयलैंगिक आहे, एवढंच.

निवेदक कोण असावा, ते पुढच्या खर्ड्यानंतर बघू. पाठवा लवकर.